मिशन आणि हजेरी

मिशन हा शब्द आमच्या वस्तीत कुणी इंग्रजी म्हणून वापरत नाही. तो आमचाच शब्द झालाय. मिशनचा माणूस म्हंजे जो स्वतःच्या खिशातलं एसटीचं भाडं भरून सभेला जातो, वर्गणीची पावतीपुस्तकं काखेत मारून दारोदार फिरतो, आणि रात्री घरी येतो तेव्हा बायको त्याच्याशी बोलत नाही. मिशनमध्ये पगार नसतो. मिशनमध्ये रजा नसते. मिशनमधून माणूस रिटायर होत नाही, मरतो.

हाच शब्द पुढं मी दुसऱ्या ठिकाणी ऐकला. काचेचं दार, आत थंड हवा, भिंतीवर फ्रेम. फ्रेमीत संस्थेचं मिशन चार ओळींत लिहिलेलं. या मिशनला पगार असतो, रजा असतात, प्रवासभत्ता असतो. हे मला वयाच्या पस्तिशीत कळलं. आणि खरं सांगतो, मला राग आला नाही. आनंद झाला. ज्या कामात आमच्या माणसांनी आयुष्यं जाळली ते काम करून पोटही भरता येतं? मग मला तेच पाहिजे. तेव्हापासून आठ वर्षं मी त्या काचेच्या दाराशी उभा आहे. आत जाता येईना, मागं फिरता येईना. हे असं का, याचा हिशेब मांडायचा म्हणून हे लिहितो. माझ्यासारखे आणखी असतील. त्यांना उपयोग होईल.

मी सफाई कामगार आहे. एका महानगरपालिकेत. 2004 सालच्या नोव्हेंबरात लागलो. लागलो म्हंजे बापाच्या जागेवर लागलो. बाप 1972 च्या दुष्काळात गाव सोडून शहरात आला. दोन वर्षं हमाली केली आणि मग कचरा खात्यात चिकटला. तीस वर्षं झाडू मारून, गाडी भरून त्याची छाती गेली. डॉक्टरनं अपात्र म्हणून लिहून दिलं. लाड-पागे समितीच्या शिफारशींप्रमाणं वारसाला नोकरी मिळते. कामगार मेला, निवृत्त झाला, आजारानं अपात्र ठरला किंवा त्यानं स्वेच्छानिवृत्ती घेतली, तरी वारसाचं नाव लागतं. मी तेव्हा बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला होतो. कॉलेजची फी भरायचे पैसे घरात नव्हते. वारस म्हणून माझं नाव लागलं.

या शिफारशींना मी शिव्या घालणार नाही. 1970 च्या दशकात कुणीतरी विचार केला की घाण उपसणाऱ्या माणसाच्या पाठीमागं त्याची पोरं उपाशी मरू नयेत. त्या विचारानं आमच्या अख्ख्या वसाहती जगल्या. पण नाण्याची दुसरी बाजू बघा. लोकांना बापाकडून जमीन येते, दुकान येतं, दवाखाना येतो. आम्हाला झाडू आला. मनूनं जे सांगितलं तेच खात्याच्या कागदावर शिक्का मारून आलं, फक्त या खेपेला प्रॉव्हिडंट फंडासकट. जात जशी पिढीकडून पिढीकडं जाते तशी ही नोकरी जाते. आणि आपणच ती हात जोडून मागतो, कारण दुसरं काही मिळत नाही.

त्यात खोलीचा फास. आम्ही राहतो ती कामगार वसाहत. दहा बाय बाराची खोली, नळ बाहेर, संडास सामाईक. खोली नोकरीला बांधलेली. नोकरी असेतोवर खोली. नोकरी गेली की ठराविक मुदतीत खोली खाली करा, नाहीतर नोटीस. म्हणून आमच्याकडं कामगार निवृत्त होतो त्या दिवशी हार घालतात, पेढे वाटतात आणि त्याच रात्री घरात एकच विषय असतो: आता कुणाचं नाव लावायचं. मोठ्याचं की धाकट्याचं. शिकणाऱ्याचं की वाया गेलेल्याचं. पुष्कळ वेळा शिकणाऱ्याचंच लागतं. वाया गेलेला हजेरीला टिकणार नाही ही भीती असते.

मी झाडू मारता मारता बी.ए. पुरं केलं, मुक्त विद्यापीठातून. मग एम.एस.डब्ल्यू. केलं, इग्नूतून. सकाळी साडेसहाला चौकीवर हजेरी, दुपारी दोनपर्यंत काम, मग आंघोळ करून पुस्तक. मुकादम म्हणायचा, "साहेब होणार वाटतं." मी म्हणायचो, "साहेब नाय व्हायचं. माणसात काम करायचं." तो हसायचा. त्याला वाटायचं मी आत्ता काय जनावरात काम करतोय का.

तर माणसात काम म्हंजे काय, ते मला 2017 साली कळलं. पावसाळ्याच्या तोंडावर आमच्या वसाहतीतली दोन पोरं एका ठेकेदाराबरोबर एका सोसायटीची सेप्टिक टाकी साफ करायला गेली. खात्यातली नव्हती, रोजंदारीवरची. एकजण आत उतरला आणि बोलायचा बंद झाला. दुसरा त्याला काढायला उतरला. दोघंही गेले. हे असंच होतं. टाकीत हायड्रोजन सल्फाइड साचलेला असतो. थोडा असला तर सडक्या अंड्याचा वास येतो. जास्त असला तर नाकच बधिर होतं, वास येईनासा होतो. उतरणाऱ्याला वाटतं आता हवा साफ झाली. दोन-चार श्वासांत माणूस आडवा. वरचा बघतो, आपला भाऊ पडला, आणि मागचा-पुढचा विचार न करता उडी मारतो. म्हणून या मौती एकट्या-दुकट्या क्वचितच होतात. जीव लावणारा सोबत मरतो.

संध्याकाळी मी ड्यूटीवरून तिकडं गेलो. पोलिसांनी अपघाती मृत्यूची नोंद करून विषय मिटवायला घेतला होता. ठेकेदाराचा माणूस स्टॅम्पपेपर घेऊन घरी बसला होता. दोन लाख घ्या, तक्रार नाही म्हणून अंगठा द्या. त्या पोराची आई अंगठा द्यायला तयार होती. तिला वाटत होतं दोन लाख म्हंजे मेहेरबानी. तेवढ्यात एका संस्थेची बाई आली, खांद्याला पिशवी, पिशवीत कायद्याची झेरॉक्स. ती म्हणाली, "आई, थांबा. हे तुमच्या हक्काचे नाहीत, हे तुमचं तोंड बंद करायचे आहेत."

तिनं आम्हाला तिथंच वसाहतीच्या पायरीवर बसून समजावलं. 2013 च्या कायद्याच्या कलम 7 प्रमाणं गटारात आणि सेप्टिक टाकीत माणसाला धोकादायक सफाईसाठी उतरवणं हाच गुन्हा. कलम 9 प्रमाणं पहिल्या गुन्ह्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. सर्वोच्च न्यायालयानं 27 मार्च 2014 ला सांगितलंय की 1993 पासून गटारात मेलेल्या प्रत्येकाच्या घराला दहा लाख द्या. ॲट्रॉसिटीच्या कायद्यात 2015 साली दुरुस्ती झाली, त्यात अनुसूचित जातीच्या माणसाला या कामाला लावणं हा अत्याचार धरलाय.

मी ऐकत होतो आणि आतून हललो होतो. तेरा वर्षं मी या घाणीत उभा. बाप तीस वर्षं उभा. हा कायदा आमच्यासाठी झालेला, आमच्या नावानं छापलेला, आणि आमच्या वसाहतीत त्याचा एक कागद नव्हता. त्या रात्री आम्ही पोलीस ठाण्यात पहाटे तीनपर्यंत बसलो. गुन्हा नोंदवून उठलो. साडेसहाला मी हजेरीला उभा होतो.

त्यानंतर अशा अकरा घटनांत मी गेलोय. आपल्या शहरात, शेजारच्या शहरात. ड्यूटी सांभाळून, रजा टाकून, बिनपगारी. काय करायचं असतं ते आता हाताला बसलंय. पहिल्यांदा घरच्यांना सांगायचं, कुठल्याही कागदावर सही नको. मग पंचनाम्याला उभं राहायचं आणि टाकीचं झाकण, दोर, बादली यांची नोंद घ्यायला लावायची, नाहीतर दुसऱ्या दिवशी दोर गायब. शवविच्छेदनाच्या अहवालाची प्रत मागायची. जातीचा दाखला शोधायचा. बहुतेक घरांत तो नसतो, आणि दाखल्यावाचून ॲट्रॉसिटी लागायला अडचण होते. मग जिल्हाधिकाऱ्याकडं अर्ज, मग फेऱ्या. 2019 च्या डिसेंबरात गोवंडीत टाकी साफ करताना तीन कामगार गेले. त्यांच्या विधवा मुंबई उच्च न्यायालयात गेल्या आणि 2021 साली न्यायालयानं त्यांना प्रत्येकी दहा लाख द्यायला लावले. ठेकेदार खाजगी आहे म्हणून सरकारला हात झटकता आले नाहीत. 20 ऑक्टोबर 2023 ला सर्वोच्च न्यायालयानं दहाचे तीस लाख केले. 1 जुलै 2024 पासून जुनी 304-अ गेली, न्यायसंहितेची 106 आली. हे सगळं मला पाठ आहे. पाठ करायला कुणी सांगितलं नव्हतं. अडचणीतल्या बाईनं विचारलं की उत्तर देता आलं पाहिजे, म्हणून केलं.

मला वाटलं, हे काम पूर्णवेळ करावं. दुपारी दोननंतरचा उरलेला माणूस नाही, सकाळचा ताजा माणूस या कामाला मिळावा. म्हणून मी संस्थांच्या दारात गेलो.

पहिली मुलाखत 2018 साली. टेबलापलीकडं तिघं होते, सगळे चांगले लोक. पाणी दिलं, दादा म्हणाले. मग एकानं विचारलं, "या क्षेत्रातला अनुभव किती?" मी म्हणालो, "चौदा वर्षं. बापाचा धरला तर चव्वेचाळीस." ते हसले. त्यांना वाटलं मी विनोद केला. त्यांना पाहिजे होता प्रोजेक्टचा अनुभव. प्रस्ताव लिहिलेत का, लॉगफ्रेम येतं का, डोनरला रिपोर्ट पाठवलाय का, इंग्रजीत. मी म्हणालो, मराठीत लिहितो, चांगलं लिहितो. ते म्हणाले, "हो, ते आहेच." आम्ही कचरा वर्गवारी करतो तसा त्यांनी माझा अर्ज बाजूला ठेवलेला मला दिसला. एम.एस.डब्ल्यू. बघून एकजण म्हणाला, "अच्छा, डिस्टन्स." या एका शब्दात किती अंतर असतं ते मला तेव्हा कळलं.

दुसऱ्या ठिकाणी 2021 ला बोलावलं. तिथं मॅडमनी कौतुक फार केलं. म्हणाल्या, "दादा, तुमच्यासारखी कम्युनिटीतली माणसं आम्हाला पाहिजेतच." मला बरं वाटलं. मग त्यांनी पद सांगितलं. फील्ड कार्यकर्ता. मानधन महिना सोळा हजार, करार अकरा महिन्यांचा, प्रोजेक्ट चालू राहिला तर पुढं बघू. त्याच प्रोजेक्टला समन्वयक म्हणून एक मुलगी घेतली होती, नुकतीच कॉलेजातून आलेली, पगार माझ्या अडीचपट. मुलगी वाईट नव्हती. मन लावून काम करणारी होती. पुढं तिच्यासोबत मी दोन प्रकरणं केली. पण कुठल्या घरी आधी जायचं, कुणाशी काय बोलायचं, ठेकेदाराचा माणूस कसा ओळखायचा, हे ती मला विचारायची आणि मी काय करायचं हे ती मला सांगायची. मी मॅडमना म्हणालो, "मॅडम, गटारात उतरायला आमचा माणूस, आणि गटारावरच्या संस्थेत सुद्धा खाली आमचाच माणूस. वर कोण?" त्या गप्प झाल्या. मग म्हणाल्या, "फंडिंगच्या अटी असतात, दादा."

असतात, हे खरं आहे. मी माहिती काढली. 2013 च्या कंपनी कायद्यानं मोठ्या कंपन्यांना नफ्याचे दोन टक्के समाजकामावर खर्चायला लावलेत. तो पैसा 2014 पासून वाहायला लागला. पण कंपनीला शाळेची रंगवलेली भिंत दाखवता येते. पोलीस ठाण्यात पहाटे तीनपर्यंत बसणं दाखवता येत नाही. शिवाय ज्या सोसायटीच्या टाकीत माणूस मेला तिथला चेअरमन त्याच कंपनीत असू शकतो. परदेशी पैसा घ्यायचा तर 2020 च्या दुरुस्तीनं कार्यालयीन खर्चाची मर्यादा पन्नास टक्क्यांवरून वीस टक्क्यांवर आणली, आणि मोठ्या संस्थेनं तो पैसा लहान संस्थेला द्यायचीही बंदी आली. वस्तीतली लहान संस्था मोठीच्या आधारानं उभी असायची, तिचा तोच आधार तुटला. म्हंजे पैसा आहे, पण तो वर येऊन थांबतो. खाली उतरतो तेव्हा त्याचे सोळा हजार झालेले असतात.

आता माझा हिशेब. हातात येतात अडतीस हजार, सोसायटीचं कर्ज कापून. घरात आई आहे, तिला दम्याची औषधं. बायको दोन घरची जेवणं करते. मुलगा एकोणीस वर्षांचा, डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला. मुलगी नववीत. सोळा हजार घेतले तर खोली जाते. खोली गेली तर आमच्या भागात दहा हजाराखाली भाड्यानं काही मिळत नाही, आणि आडनाव विचारून मिळायची ती वेगळीच. उरले सहा हजार. त्यात पाच माणसं. अकरा महिने. मग पुढं बघू.

म्हणून लोक म्हणतात ना, ध्येयासाठी नोकरी सोडली, त्याग केला, तेव्हा मी पहिल्यांदा विचारतो, घर कुणाचं होतं? बापाचा फ्लॅट होता का? बायको सरकारी नोकरीत होती का? राग म्हणून नाही विचारत. हिशेब म्हणून विचारतो. ज्याच्या पाठीशी दोन पिढ्यांचा साठा आहे तो उडी मारतो तेव्हा खाली जाळी असते. आमच्याकडं उडी मारणारा टाकीत पडतो, आणि त्याला काढायला घरचे एकामागं एक उतरतात.

मग वाटतं, आपल्या माणसांनी कसं केलं असेल? महात्मा फुल्यांनी बांधकामाची कंत्राटं घेतली, स्वतः कमावलं आणि त्यातून चळवळीला घातलं. 31 जानेवारी 1920 ला 'मूकनायक' निघाला तेव्हा बाबासाहेब सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापक होते, सरकारी नोकरीत. म्हणून संपादक म्हणून नाव पांडुरंग नंदराम भटकरांचं लागलं. पैसा शाहू महाराजांनी दिला, अडीच हजार रुपये. म्हंजे बघा, आपल्या पहिल्या पत्राच्या जन्मालाच ही अडचण उभी होती: नोकरी, नियम, पैसा आणि मिशन. बाबासाहेबांनी पगार साठवला, राजीनामा दिला आणि राहिलेलं शिक्षण पुरं करायला लंडनला गेले. पुढं बॅरिस्टर होऊन वकिलीवर घर चालवलं. चळवळीवर घर चालवलं नाही. आणि घर चाललं म्हणायचं तरी कसं, ते रमाईला विचारायला पाहिजे होतं. 1956 साली आग्र्याला बाबासाहेब शिकलेल्यांवर नाराज होऊन बोलले, शिकून नोकरीला लागले आणि समाजाला विसरले म्हणून. ते बोलणं आमच्यात आजही दर जयंतीला ऐकवलं जातं. ऐकताना माझी मान खाली जाते. पण मग मी मनात म्हणतो, बाबा, नोकरीला लागलो, विसरलो नाही. सोडता येत नाही, एवढंच.

कांशीराम पुण्यात संरक्षण खात्याच्या प्रयोगशाळेत नोकरीला होते. ती सोडली, लग्न केलं नाही, घर केलं नाही. पण त्यांनी 6 डिसेंबर 1978 ला बामसेफ उभी केली ती नोकरी न सोडणाऱ्यांची. कारण त्यांना ठाऊक होतं, एकानं सोडायची आणि हजारांनी धरून ठेवायची, तेव्हा चळवळीचा गाडा चालतो. वेळ, पैसा, बुद्धी समाजाला परत द्या. परत द्या हा शब्द महत्त्वाचा. दान नाही, परतफेड. संस्थांच्या फ्रेमीतल्या मिशनमध्ये हा शब्द मला कधी दिसला नाही. तिथं देणारा वर असतो. परतफेड करणारा सोबत असतो.

2024 च्या नोव्हेंबरात माझी वीस वर्षं भरली. वीस वर्षांच्या सेवेनंतर तीन महिन्यांची नोटीस देऊन स्वेच्छानिवृत्ती घेता येते. मी 1 नोव्हेंबर 2005 च्या आधी लागलेला, म्हणून जुन्या पेन्शनमध्ये बसतो. हे कळल्यावर दोन रात्री झोप आली नाही. पेन्शन अधिक सोळा हजार. जमतंय. दार उघडलंय. मी बायकोला सांगितलं. ती पोळ्या लाटत होती. तिनं लाटणं थांबवलं नाही. म्हणाली, "आणि खोली?"

खोलीचं उत्तर मला माहीत होतं आणि तिलाही माहीत होतं. स्वेच्छानिवृत्तीतही वारस लागतो. वारस लागला की खोली राहते. वारस म्हंजे मुलगा. म्हंजे मी मिशनवर जायचं आणि माझ्या जागेवर साडेसहाच्या हजेरीला माझ्या पोरानं उभं राहायचं. शिकलेल्याला वरची जागा मिळू शकते असं लोक सांगतात. आमच्या चौकीत दोन ग्रॅज्युएट आणि एक इंजिनियर झाडू मारताहेत. मी डोळ्यांनी बघतो, तेवढंच मला खरं.

आई खाटेवरून म्हणाली, "लाव की लेका त्याचं नाव. कायमची भाकर हाय. तुझ्या बापानं तुला दिली, तू त्याला दे." ती चुकीचं बोलत नव्हती. तिनं 1972 चा दुष्काळ बघितलाय. सुकडी खाल्लीय. तिच्यासाठी कायमची भाकर हा जगातला सगळ्यात मोठा शब्द आहे.

मुलगा बाहेरून आला. त्यानं सगळं ऐकलं होतं. मला वाटलं तो चिडेल, आदळआपट करेल. तो म्हणाला, "पप्पा, लावा माझं नाव. तुम्ही किती वर्षं वाट बघताय. मी डिप्लोमा नंतर करीन, तुम्ही केलं तसं."

तो चिडला असता तर मला सोपं गेलं असतं. तो तयार होता. तयार होता हेच मला सहन झालं नाही. टाकीत पडलेल्याला काढायला वरचा उतरतो ना, तसा तो उतरायला निघाला होता. मी म्हणालो, "नाय. तुझं नाव या घरात असलं तर डिप्लोमाच्या सर्टिफिकेटवर असंल. हजेरीबुकात नाय." बायको काही बोलली नाही. पण त्या रात्री तिनं मला दोन पोळ्या जास्तीच्या वाढल्या.

म्हणून मी नोकरी सोडलेली नाही. माझ्या सुटकेची किंमत माझ्या पोराची पिढी असेल तर ते मिशन नव्हे, वारसाहक्कच झाला. गटारात माणूस उतरू नये म्हणून लढायला निघालो आणि स्वतःच्या पोराच्या हातात झाडू देऊन निघालो, तर पोलीस ठाण्यात मी कुठल्या तोंडानं बोलू?

पण बसून राहिलो असंही नाही. सेवेत असताना दुसरीकडं पगार घेता येत नाही. ड्यूटीला बाधा न आणता बिनपगारी समाजकाम करायला कुणी अडवत नाही. आम्ही सातजण जमलोय. 1860 च्या कायद्यानं संस्था नोंदवायला सात माणसं लागतात. तीन झाडूवाले, एक रिक्षावाला, एक एलआयसीचा एजंट, दोन बायका. दोघींचेही नवरे टाकीत गेलेले. महिना शंभर रुपये वर्गणी. अध्यक्ष त्या दोघींपैकी एक आहे. तिला सही येते, इंग्रजी येत नाही. आमच्या संस्थेत इंग्रजी येणारा माणूस लागेल तेव्हा आम्ही ठेवू. मानधनावर.

मोठ्या संस्थांशी भांडण नाही. त्यांचे वकील, त्यांचे कागद, त्यांची पत्रकार परिषद आम्हाला लागते आणि लागेल. त्या पिशवीवाल्या बाईला मी विसरणार नाही. त्यांच्यापुढं आम्ही तीन गोष्टी लेखी ठेवल्यात. एक, फील्डवरच्या माणसाचा करार तीन वर्षांचा करा. अकरा महिन्यांत एका विधवेचा एक हप्तासुद्धा येत नाही. दोन, जिथं पैशाचा निर्णय होतो त्या टेबलाशी आमच्यातला माणूस बसवा, आणि त्या टेबलावर मराठी चालू द्या. तीन, वस्तीतल्या पोरापोरींना प्रस्ताव लिहायला, हिशेब ठेवायला तुमच्या ऑफिसात बसवून, पगार देऊन शिकवा. आमच्यात अक्कल कमी नाही. आमच्याकडं अकरा महिने उपाशी राहून शिकायची सोय नाही, एवढंच कमी आहे. एका संस्थेचं उत्तर आलंय. तिसरी अट मान्य, पहिल्या दोन विचाराधीन. आम्ही वाट बघतो. वाट बघायची आम्हाला सवय आहे, पण कागदावर तारीख टाकून बघतो.

मुलगा आता तिसऱ्या वर्षाला आहे. आमच्या संस्थेचे अर्ज तोच टाइप करतो. मुलगी विचारते, पप्पा, तुमची नोकरी कुठली खरी? सकाळची की दुपारची? तिला मी अजून उत्तर दिलेलं नाही. निवृत्तीला मला अजून काही वर्षं आहेत. तोवर खोलीचं काही झालं, पोरगं कमावतं झालं, तर तीन महिन्यांची नोटीस मी लिहूनच ठेवलीय. तारखेची जागा फक्त मोकळी आहे. वारसाच्या जागेवर मी आडवी रेघ मारलीय.

तोपर्यंत सकाळी साडेसहा ते दोन मी खात्याचा. दोननंतर तुमचा. कुणाच्या गल्लीत, कुणाच्या सोसायटीत टाकीचं झाकण उघडून कुणी माणूस उतरवत असेल, तर आधी त्याला अडवा, मग या अंकाच्या पत्त्यावर निरोप धाडा. आणि काही होऊन गेलं असेल तर घरच्यांना एवढंच सांगा: आम्ही येईपर्यंत कुठल्याही कागदावर सही करू नका.

जयभीम.